बाळंतिणीच्या खोलीसाठी बंब

बंगळूरला थंडी पडते यावर माझ्या जावयाचा विश्वास नव्हता. तो मूळचा पुण्याचा. ‘तुमच्याकडे काय आई, बारा महिने एसी!’ असं तो कौतुकाने म्हणतो, आणि दर वेळी मला त्याला पौषातल्या पहाटे शहराबाहेरच्या आमच्या आनेकलच्या घरात अनवाणी उभं करावंसं वाटतं. शहरात घराला घर चिकटलेलं असतं, तिथे गारठा कळत नाही. इकडे आमच्या मागच्या भिंतीपलीकडे रागीची, म्हणजे नाचणीची, शेतं आहेत. तिकडून वारा निघाला की मध्ये अडवायला कुणी नाही, थेट आमच्या मागच्या खोलीत शिरतो.

हे घर आम्ही नवऱ्याच्या निवृत्तीनंतर बांधलं. त्याआधीचा सगळा संसार बंगळूर शहरात, चामराजपेटेत, भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. आमची मुलगी तिथेच वाढली, तिथूनच लग्न होऊन गेली. आनेकलला ती यायची ती पाहुण्यासारखी. सकाळी यायची, जेवायची, ऊन उतरायच्या आत परत जायची. एकदा राहिली, तर सकाळी उठून म्हणाली, ‘झोपच नाही लागली.’

तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी आनंदाने दुसरं काही विचारायच्या आधी हेच विचारलं, बाळंतपणाला कधी येतेस?

‘आई, मी माझ्या फ्लॅटवरच राहणार आहे,’ ती म्हणाली. ‘बाळंतिणीचं करणारी एक बाई बघून ठेवलीये. तुमच्याकडे करंट जातो, सकाळी गरम पाणी नसतं, ती मागची खोली तर नुसती फ्रीज आहे. लहान बाळाला घेऊन तिथे कशाला?’ मग म्हणाली, ‘आणि ते काही माझं माहेर नाही गं. माझं माहेर चामराजपेटेत होतं. ते तुम्ही सोडलंत.’

मला हे फार लागलं. मी फोन ठेवला आणि ओट्यावरची भांडी जरा जास्तच जोरात घासली. आमची एकुलती एक मुलगी अकराव्या मजल्यावर एका परक्या बाईकडून अंग चोळून घेणार आणि मी इथे रागीकडे बघत बसणार, हे मला मान्य नव्हतं. करंट, पाणी आणि गारठा यांना काहीतरी उत्तर असणार. माहेराच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आधीच्या तिघांच्या मागे लागले.

गच्चीवर सोलर आहे. पण ढगाळ दिवसानंतर सकाळी त्याचं पाणी कोमटच येतं, आणि बाळंतिणीला कोमट पाणी घालायचं म्हणजे तिची थट्टा केल्यासारखं. विजेचा हीटर होता, पण आमच्या बाजूला नेमका पहाटे करंट जातो. राहता राहिलं लाकूड. लाकडाची आम्हाला ददात नाही. कुंपणाच्या कडेने सिल्व्हर ओक आहेत, चार नारळ आहेत, दर वर्षी छाटलेल्या फांद्या आणि झावळ्या पडून कुजतात. कमी पडलं तर गावात सौदे डेपो आहे. सौदे म्हणजे जळण.

पहिला सल्ला अर्थातच अक्कांचा. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. अजून चामराजपेटेतच राहतात. सत्तरी उलटली तरी मनगटात जोर असा की त्यांनी एकदा पाठ चोळली की माणूस दोन दिवस सरळ चालतं. आमच्या सगळ्या नात्यागोत्यातल्या बाळंतिणींना आणि बाळांना त्यांनीच न्हाऊ घातलंय. माझी मुलगीही त्यांच्याच पायांवर न्हालेली.

‘एवढा विचार काय करतीस?’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याकडचा तांब्याचा बंब घेऊन जा, न्हाणीत ठेव. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. वर स्वल्प ओवा टाक. झालं की! आम्ही काय केलं मग?’

मी ते मुलीला सांगितलं मात्र, ती उसळलीच. ‘खाटेखाली निखारे? बंद खोलीत? आई, त्याने माणसं मरतात!’ मग शांत होऊन, तिच्या ऑफिसात बोलते त्या आवाजात तिने मला बजावलं, ‘एक गोष्ट ऐकून ठेव. खोलीत धुराचा वास जरी आला ना, तर मी त्याच दिवशी बाळाला उचलून निघून जाईन.’

मला राग यायला हवा होता, पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. ‘निघून जाईन’ म्हणाली, म्हणजे येण्याचा विचार तिच्या डोक्यात होता. मी पदर खोचला.

आता अट स्पष्ट होती. विस्तव घराबाहेर हवा आणि ऊब घरात. जावयाला हे सांगितल्यावर त्याने मोबाइलवर चित्रंच चित्रं पाठवली. बर्फाच्या देशात तशा शेगड्या असतात म्हणे. लाकूड जळतं, त्याच्याभोवती पाणी तापतं, ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं, घर गरम होतं आणि अंघोळीलाही पाणी मिळतं. कल्पना मला एकदम पटली. शेगडी मात्र पटली नाही. पुढून काचेचं दार, आत चार नाजूक ढलप्या, समोर गालिचा आणि त्यावर झोपलेलं कुत्रं. त्या काचेतून आमची झावळी आत घालायची म्हणजे आधी तिला न्हाव्याकडे न्यावं लागलं असतं.

मार्केटजवळच्या गल्लीत उभे स्टीलचे बंब मिळतात, डोंगराळ मलनाडच्या घरांत असतात तसे. तेही पाहून आले. पाणी झकास तापतं, पण खोलीची सोय नाही. दुकानदाराला मी नळ्यांचं विचारलं तर तो म्हणाला, ‘अम्मा, ऊटीला घर आहे का?’ त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. पण बाहेर पडताना त्याने एक बरं केलं, यशवंतपूरच्या एका कारखान्याचा पत्ता दिला. तिथे हॉटेलांसाठी आणि लग्नाच्या हॉलसाठी इडली वाफवायचे बॉयलर करतात.

तो कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड होती. मालक माझ्याच वयाचा, कपाळाला भस्म, बोलायला तिखट. आमचं सगळं कन्नडमध्ये चाललं होतं. माझं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, ‘म्हणजे तुम्हाला बाळंतीण वाफवायचीय?’

‘वाफ नको, ऊब हवी,’ मी म्हटलं. ‘तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी पुढच्या शेडमध्ये विचारते.’

पुढच्या शेडचं नाव काढल्यावर त्याने खुर्ची दिली.

त्याच्याकडे तयार पेटाऱ्यांचे, म्हणजे आत लाकूड जळतं त्या लोखंडी पेट्यांचे, तीन आकार होते. तो मला सर्वांत मोठा देऊ पाहत होता. एकदा भरला की सकाळभर बघायला नको म्हणे. मला ते पटेना. मोठ्या पेटाऱ्यात लाकूड भसाभसा जळणार आणि पाणी उकळून उतू जाणार. लहान घेतला तर मी दर थोड्या वेळाने उठून त्याला भरवत बसणार, मग बाळाला कोण बघणार? वाद काही मिटेना. शेवटी मी म्हटलं, ‘पुढच्या आठवड्यात मी माझी लाकडं घेऊन येते. पेटवून दाखवा. मग ठरवू.’ तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

पुढच्या आठवड्यात मी सिल्व्हर ओकच्या फांद्या दोन तांदळाच्या पोत्यांत भरल्या, वर झावळ्या दुमडून बांधल्या आणि बसमध्ये चढले. नवऱ्याने यायला साफ नकार दिला. ‘लोक म्हणतील, म्हातारी स्वतःची चिता घेऊन निघालीय,’ तो म्हणाला. कंडक्टरने पोती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘काय अम्मा, बंगळूरमध्ये लाकडं मिळत नाहीत?’ मी म्हटलं, मिळतात, पण ती माझी नसतात. त्याने पोती मागे सरकवून दिली.

शेडच्या अंगणात आम्ही तिन्ही पेटवले. मी स्टूल घेऊन समोर बसून राहिले, कामगार येता-जाता बघत होते. मोठ्यात माझ्या झावळ्या कागदासारख्या उडाल्या. लहान सारखा विझू लागला. मधल्याने पहिल्यांदा धूर ओकला, खोकला, आणि मग लाकूड धरून असा एकसारखा जळत राहिला की माझा जीव भांड्यात पडला. मालक म्हणाला, ‘मी मधलाच घ्या म्हणत होतो.’ मी ते ऐकून घेतलं. आणखी एक गोष्ट मात्र ऐकून घेतली नाही. नळ्यांतून फिरणारं पाणीच अंघोळीला वापरा असं त्याचं म्हणणं होतं. लोखंडातून फिरून आलेलं तांबडं पाणी माझ्या नातवंडाच्या डोक्यावर? मी गरम पाण्याच्या टाकीत अंघोळीसाठी वेगळी तांब्याची नळी बसवून घेतली. तो कुरकुरला, पण बसवली.

दसऱ्याच्या सुमारास सगळं जागेवर आलं. बंब मागच्या ओट्यावर, धुराडं छपराच्या वर. भिंतीवर उंच एक टाकी. तिच्यातलं गरम पाणी मागच्या खोलीत भिंतीलगत बसवलेल्या लोखंडी नळ्यांतून फिरून पुन्हा बंबात यायचं. टाकीवर एक उभी नळी होती, तोंड उघडं. जास्त झालेली वाफ तिथून निघून जायची. मालकाने जाताना सांगितलं होतं, हे तोंड कायम उघडं राहू द्या.

पहिल्या दिवशी बंब पेटवला आणि मी खोलीत नळ्यांना हात लावून बसले. आधी काहीच नाही. मग एका टोकाकडून ऊब हळूहळू चालत आली. धुराचा वास नाही, काजळी नाही. नवरा थट्टेच्या तयारीने आत आला आणि पेपर घेऊन नळ्यांना पाठ टेकून बसला तो जेवायलाच उठला.

मी मुलीला दिवाळीला बोलावलं. ‘तू स्वतः बघ,’ म्हटलं, ‘नाही आवडलं तर पुन्हा विषय काढणार नाही.’ जावई पुण्याला त्याच्या आईकडे गेला होता. ती आली, सातवा महिना, पाय थोडे सुजलेले. अक्काही आल्या.

आमच्याकडे, म्हणजे या मुलुखात, नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरण्याचा सण असतो. न्हाणीतला हंडा, बंब, कळशा सगळं घासूनपुसून चकचकीत करायचं, चुन्याचे आणि कावेचे पट्टे ओढायचे, गळ्यात वेल बांधायची, पाणी भरायचं आणि तोंड झाकायचं. सकाळी त्याच पाण्याने अभ्यंगस्नान. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आम्हा मराठी घरांतही हे मुरलंय. अक्कांनी मोठ्या हौसेने नव्या बंबाला पट्टे काढले, शिडीवर चढून टाकीला वेल गुंडाळली. मी स्वयंपाकात होते. मुलगी ओट्यावर खुर्ची टाकून बघत होती, हसत होती. मला ते हसू ऐकून इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन बघितलंसुद्धा नाही.

पहाटे मी बंब पेटवला. मुलीला दाखवायचं म्हणून जरा जास्तच लाकूड घातलं. ती मागच्या खोलीत खाटेवर बसली होती, अक्का तिच्या केसांना तेल चोळत होत्या. थोड्या वेळाने नळ्या ठोकल्यासारख्या वाजायला लागल्या. मला वाटलं, हवा असेल. मग आवाज वाढला, कुणीतरी भिंतीआडून हातोडा घालतंय असा. मी ‘बाहेर या!’ म्हणून ओरडले. अक्कांनी मुलीला दंडाला धरून ओढलं, आणि दोघी दारात पोचतात तोच एक सांधा सुटला. उकळतं पाणी भिंतीवर, गादीवर, खाली सगळीकडे. वाफेने खोली भरली.

कुणाला काही झालं नाही. हे वाक्य मी तेव्हाही देवापुढे म्हटलं आणि आजही म्हणते.

मी ओट्यावर धावले, लाकडं बाहेर ओढली, शिडी लावून वर चढले. त्या उघड्या नळीच्या तोंडावर नारळाची करवंटी पालथी घातलेली होती, त्यावर फडकं, आणि ते काथ्याने करकचून बांधलेलं. सणाच्या दिवशी पाण्याचं तोंड उघडं ठेवायचं नाही, म्हणून. मी खाली बघितलं. अक्का शिडीच्या पायथ्याशी उभ्या होत्या, तेलाचे हात तसेच. त्यांनी माझ्या हातातली करवंटी बघितली. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

माझा राग कसा आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो वर आलाच होता. तेवढ्यात मुलगी दारात आली, दोन्ही हात पोटावर धरून. ‘काय झालं?’

‘सांधा कच्चा होता,’ मी म्हणाले, आणि करवंटी पदराखाली घेतली.

अक्कांची दया आली म्हणून मी गप्प बसले असं कुणी समजू नये. मला त्यांची गरज होती. ‘ही म्हातारी माझ्या बाळाला हात लावणार?’ असं मुलीच्या मनात एकदा आलं असतं, तर बाळंतपण तिथेच संपलं असतं. बंबावर अविश्वास परवडला, अक्कांवर नाही.

पण मुलीने बाकीचा विचार केलाच नाही. ती त्याच दुपारी गेली. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, ‘बघितलंस ना आई? आता पुरे.’ तिचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. माझ्या मुलीला मी माझ्याच घरात घाबरवलं होतं. त्या दिवशी मी फराळाचं ताट समोर घेऊन रडले.

नवरा म्हणाला, ‘भंगारात दे ते इंजिन.’

‘नाही देणार,’ मी म्हणाले.

दुसऱ्याच आठवड्यात यशवंतपूरला गेले. मालकाला सांधा दुरुस्त करायला सांगितला आणि म्हटलं, ती उघडी नळी वरून वाकवा, छत्रीच्या मुठीसारखी, तोंड खाली. तो म्हणाला, ‘गरज काय? तिच्यावर कोण झाकण घालतंय?’ मी म्हटलं, आमच्या घरात घालतात. त्याने नळी वाकवली. शिवाय माझ्या सांगण्यावरून आणखी एक झडप बसवली, दाब वाढला की आपोआप सुटणारी.

मग मी रोज बंब पेटवू लागले. येणारं कुणी नाही, तरी पेटवत होते. त्या खोलीत मीच झोपायला लागले. रोज सकाळी नळ्यांना कान लावायचे. मुलीला फोन करायचे तेव्हा डॉक्टर काय म्हणाले, काय खाल्लंस, एवढंच विचारायचे. शब्द दिला होता, विषय काढणार नाही, तो पाळला. फार जड गेलं.

मार्गशीर्षात एके दुपारी तिचाच फोन आला.

‘आत्याचा फोन आला होता,’ ती म्हणाली. ‘रडत होती. म्हणाली, बंबाची काही चूक नाही बाळा, मीच तोंड बांधलं. तुझी आई कुणाला बोलली नाही, मला झोप लागत नाही.’

अक्कांनी उभ्या जन्मात, नवऱ्यासमोर नाही की भावासमोर नाही, स्वतःची चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही. इथे तर पोरीच्या वयाच्या भाचीसमोर केली होती.

‘तू मला का नाही सांगितलंस?’ मुलीने विचारलं.

‘सांगितलं असतं तर तू आत्याला जवळ येऊ दिलं असतंस?’

‘नसतं दिलं,’ ती म्हणाली. ‘सरी, ठीक आहे. येते मी. पण फक्त बारशापर्यंत. त्या दिवशी हा न्यायला येईल.’

‘सरी,’ मी म्हणाले. मी ताणून धरलं नाही.

संक्रांत झाली आणि तिला मुलगी झाली. हॉस्पिटलमधून तिला थेट इकडे आणलं. गारठा असा की रागीच्या धसकटांवर दव पांढरं दिसत होतं. मागची खोली उबदार होती. अक्का पहाटे उठून आधी टाकीकडे बघायच्या, हात मागे बांधून, देवळात बघावं तसं. मग पाय लांब करून पाटावर बसायच्या आणि नातीला पायांवर घ्यायच्या. पोर पहिल्या तांब्याला कळवळायची आणि दुसऱ्याला डोळे मिटायची. माझी मुलगी तेल जिरवत नळ्यांजवळ बसायची. पहिले काही दिवस नळी जराशी टक् वाजली तरी तिचं लक्ष दाराकडे जायचं. मग तेही थांबलं. एकदा मी आत डोकावले तर ती पोरीला कुशीत घेऊन भर सकाळी गाढ झोपली होती, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी.

बारसं झालं. माणसं पांगली. जावई बॅगा गाडीत ठेवायला आला. मी तिच्या डिंकाच्या लाडवांचा डबा भरत होते, आणि डोळ्यांतून पाणी येऊ नये म्हणून डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा लावून बघत होते. मुलगी मागच्या दारात उभी होती. पोर तिच्या खांद्यावर. ती ओट्यावर रचलेल्या लाकडांकडे बघत होती.

‘आई, ही लाकडं किती दिवस जातील?’

‘जातील आठवडाभर. का?’

ती नवऱ्याकडे वळली. ‘बॅगा राहू देत रे,’ म्हणाली. ‘ही लाकडं संपली की येईन घरी.’

जावयाने माझ्याकडे बघितलं. मी डबा ओट्यावर ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि कुणाला काही न सांगता सौदे डेपोवर गेले. म्हटलं, एक टेम्पो भरून पाठवा, आजच्या आज.